स्नूकर कसे खेळतात: नवशिक्यांसाठी नियम, फटके आणि पांढऱ्या चेंडूचे गणित

टीव्हीवर स्नूकरचा सामना पहिल्यांदाच पाहणारा माणूस एका गोष्टीने हमखास बुचकळ्यात पडतो. खेळाडूने लाल चेंडू पॉकेटमध्ये घातला तरी प्रेक्षक शांत बसलेले असतात. त्यानंतर पांढरा चेंडू एक-दोन कुशनांना (टेबलाच्या रबरी कडांना) लागून घरंगळत काळ्या चेंडूच्या बाजूला येऊन थांबतो आणि टाळ्या पडतात त्या तेव्हा. कॅरम खेळलेल्या वाचकाला याचा उलगडा चटकन होईल. कॅरममध्ये दर फटक्याला स्ट्रायकर उचलून आपल्या पट्टीवर हवा तिथे ठेवता येतो, त्यामुळे मागच्या फटक्यानंतर तो कुठे गेला याची फिकीर करावी लागत नाही. स्नूकरमध्ये ही सवलत नाही. पांढरा चेंडू जिथे थांबला तिथूनच पुढचा फटका मारायचा असतो, मग तो कुशनला चिकटलेला असो की दोन चेंडूंच्या बेचक्यात अडकलेला असो. नवशिक्याला स्नूकर अवघड वाटते ते नियमांमुळे नव्हे, तर या एका अटीमुळे. आणि एकदा रस निर्माण झाला की तो टिकतो, तोही तिच्यामुळेच.

आधी टेबल पाहू. पूर्ण आकाराचे टेबल बोलताना बारा बाय सहा फुटांचे म्हटले जाते. कुशनच्या आतली खेळण्याची जागा मात्र ११ फूट ८.५ इंच लांब आणि ५ फूट १० इंच रुंद असते. हिरव्या लोकरी कापडाखाली लाकूड नसून स्लेटच्या जाड लाद्या असतात, कारण लाकूड हवामानानुसार वाकते आणि या खेळाला केसभर उतारही चालत नाही. कापडाला बारीक लव असते आणि तिची दिशा टेबलाच्या खालच्या, म्हणजे खेळ सुरू होतो त्या टोकाकडून काळ्या चेंडूच्या टोकाकडे असते. तळहात एकदा या बाजूने आणि एकदा त्या बाजूने फिरवला की फरक लगेच जाणवतो. चार कोपऱ्यांत चार आणि लांब बाजूंच्या मध्यावर दोन अशी सहा पॉकेटे असतात. चेंडूचा व्यास ५२.५ मिलिमीटर असतो आणि पॉकेटच्या तोंडातून दोन चेंडू शेजारी-शेजारी जाऊ शकत नाहीत. शिवाय पॉकेटच्या कडा गोलाकार असतात, त्यामुळे कुशनला घासत जोरात आलेला चेंडू आत न पडता कडेवर थरथरून बाहेर थांबतो. पार्लरमधल्या लहान पूल टेबलावर पटापट चेंडू घालणारे अनेक जण मोठ्या टेबलावर आले की पहिल्या अर्ध्या तासात गंभीर होतात, ते यामुळे.

टेबलाच्या ज्या टोकाकडून खेळ सुरू होतो त्या बाजूला, कुशनपासून २९ इंचांवर एक आडवी रेघ असते. तिला बॉक लाइन म्हणतात आणि तिच्या मध्यावर, कुशनच्या बाजूला, ११.५ इंच त्रिज्येचे अर्धवर्तुळ असते. ते इंग्रजी अक्षरासारखे दिसते म्हणून त्याला ‘डी’ म्हणतात. या टोकाला उभे राहून समोर पाहिले तर डीच्या डाव्या कोपऱ्यावर हिरवा, मध्ये तपकिरी आणि उजव्या कोपऱ्यावर पिवळा चेंडू असतो. टेबलाच्या बरोबर मध्यावर निळा, निळा आणि वरचे, म्हणजे समोरच्या टोकाचे कुशन यांच्या मध्यावर गुलाबी, आणि वरच्या कुशनपासून पाऊण इंच अधिक एक फूट अंतरावर काळा. गुलाबीच्या मागे १५ लाल चेंडू त्रिकोणात रचतात. त्रिकोणाचे टोक गुलाबीच्या शक्य तितके जवळ असावे, पण त्याला टेकू नये. पांढरा चेंडू धरून एकूण २२ चेंडू झाले. क्यूने, म्हणजे खेळायच्या लांब काठीने, फक्त पांढऱ्यालाच मारायचे, बाकीच्यांना पांढऱ्याने.

आता खेळाचा मूळ नियम. खेळाडूने आधी एक लाल पॉकेटमध्ये घालायचा, मग सहा रंगीत चेंडूंपैकी कोणताही एक, मग पुन्हा लाल, मग पुन्हा रंगीत. लाल चेंडूला एक गुण. पिवळ्याला २, हिरव्याला ३, तपकिरीला ४, निळ्याला ५, गुलाबीला ६ आणि काळ्याला ७. पॉकेटमध्ये गेलेला लाल चेंडू तिथेच राहतो. रंगीत चेंडू मात्र बाहेर काढून पुन्हा त्याच्या जागेवर ठेवतात. त्याची जागा दुसऱ्या चेंडूने अडवली असेल, तर मोकळ्या असलेल्या जागांपैकी सर्वांत जास्त गुणांच्या चेंडूच्या जागेवर तो ठेवतात. कोणता रंग मारणार आहोत ते उघड दिसत नसेल तर तोंडाने सांगायचे असते. चेंडू पॉकेटमध्ये जात राहतील तोवर पाळी आपली. एक फटका वाया गेला की समोरच्याची. एका पाळीत सलग मिळवलेल्या गुणांना ब्रेक म्हणतात, आणि टेबलावरच्या एका पूर्ण डावाला फ्रेम. समजा एखाद्याने लाल, काळा, लाल, निळा, लाल असे पाच चेंडू घातले आणि पुढचा गुलाबी हुकला, तर त्याचा ब्रेक १५ गुणांचा झाला, आणि काळा व निळा अजून टेबलावरच आहेत. एका फटक्यात दोन लाल पडले तर दोन्हींचे गुण मिळतात. दोन वेगवेगळे रंगीत पडले तर तो फाउल होतो.

शेवटचा लाल गेल्यावर नेहमीप्रमाणे हवा तो एक रंगीत मारता येतो आणि तोही परत ठेवला जातो. तिथून पुढे खेळाचा ढंग बदलतो. उरलेले सहा रंगीत चेंडू गुणांच्या चढत्या क्रमाने, पिवळ्यापासून काळ्यापर्यंत घालायचे, आणि आता ते परत येत नाहीत. या सहांचे मिळून २७ गुण होतात. हा आकडा पाठच करावा, कारण फ्रेमच्या अखेरीस सगळा हिशेब त्याच्याभोवती फिरतो. प्रत्येक लालानंतर काळाच घातला तर १५ वेळा आठ म्हणजे १२०, आणि वर २७, असा १४७ हा प्रसिद्ध आकडा येतो. रॉनी ओ’सलिवनने १९९७ साली शेफील्डच्या क्रूसिबल थिएटरमध्ये, जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत, हे १४७ गुण ५ मिनिटे ८ सेकंदांत केले. छत्तीस फटके आहेत त्यात. भागाकार ज्याचा त्याने करून पाहावा. नवशिक्याने मात्र १४७ कडे पाहू नये. पहिल्या काही महिन्यांत सलग लाल, रंगीत आणि लाल एवढे जमले तरी तो चांगला दिवस समजावा.

एक लाल, एक रंगीत ही विचित्र वाटणारी अदलाबदल आली कुठून, हे जाणून घेणे मजेचे आहे, कारण ती आपल्याकडेच जन्मली. १८७५ साली जबलपूरच्या छावणीत पावसाळ्यात अडकलेले ब्रिटिश अधिकारी बिलियर्ड्सच्या टेबलावर निरनिराळे खेळ खेळत असत. त्यांतल्या एका खेळात १५ लाल चेंडू असत, दुसऱ्यात रंगीत चेंडू असत. नेव्हिल चेंबरलिन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने या दोन्ही खेळांची सरमिसळ केली, आणि पुढे १८८२ मध्ये उटीच्या क्लबमध्ये तिचे नियम लिहून लावले गेले. (पुढे ब्रिटनचा पंतप्रधान झालेला चेंबरलिन तो वेगळा.) लाल चेंडू हा एका खेळाचा वारस आणि रंगीत चेंडू दुसऱ्याचे, असे पाहिले की नियम लक्षात ठेवणे सोपे जाते.

फाउल झाला की आपले मिळवलेले गुण कापले जात नाहीत. दंडाचे गुण समोरच्याला मिळतात. दंड किमान ४ गुणांचा असतो, आणि जो चेंडू मारायचा होता किंवा चुकून ज्याला धक्का लागला त्यांपैकी कोणाचे गुण चारपेक्षा जास्त असतील, तर तेवढा. लाल मारायचा असताना पांढरा आधी काळ्याला लागला तर समोरच्याला ७. लाल मारायचा असताना पांढरा कशालाच लागला नाही, किंवा लालाला लागून स्वतःच पॉकेटमध्ये पडला, तर ४. लालाला नीट लागला, पण त्या गडबडीत गुलाबी पॉकेटमध्ये गेला तर ६, आणि गुलाबी परत आपल्या जागेवर. पांढरा पॉकेटमध्ये गेला असेल तर समोरचा खेळाडू तो हातात घेऊन डीमध्ये कुठेही ठेवू शकतो. स्नूकरमध्ये चेंडू हाताने ठेवण्याचा असा प्रसंग फ्रेमच्या पहिल्या फटक्याला, अशा फाउलनंतर, आणि बरोबरीनंतर काळा पुन्हा मांडला गेला तरच येतो. पांढऱ्याने दुसऱ्या चेंडूवरून उडी मारणे, चेंडू थांबायच्या आत पुढचा फटका मारणे, दोन्ही पाय जमिनीवरून उचलणे, शर्टाची बाही किंवा गळ्यातले ओळखपत्र चेंडूला लागणे हेही फाउलच. शेवटचा प्रकार क्लबमध्ये सर्रास घडतो आणि सर्रास लपवला जातो. सामन्यात मात्र पंचाच्या आधी स्वतःच फाउल कबूल करण्याची रीत आहे, आणि ती या खेळात खरोखर पाळली जाते.

जो चेंडू मारायचा आहे त्याच्या आणि पांढऱ्याच्या मध्ये दुसरा चेंडू अशा रीतीने आला, की सरळ रेषेत त्या चेंडूच्या दोन्ही कडांपर्यंत पोहोचता येत नाही, तर खेळाडू ‘स्नूकर’ झाला असे म्हणतात. मग कुशनवर आपटून वळसा घालूनच मार्ग काढावा लागतो. प्रतिस्पर्ध्याला अशा कोंडीत टाकणे हा या खेळातला मान्य आणि प्रतिष्ठेचा डाव आहे. त्यात रडीचे काही नाही. पण कोणी फाउल करून समोरच्याला स्नूकर केले, तर ते अन्यायाचे होईल, म्हणून ‘फ्री बॉल’ची तरतूद आहे. अशा वेळी समोरचा खेळाडू सोयीचा कोणताही चेंडू निवडतो आणि त्या एका फटक्यापुरते त्या चेंडूला मूळ चेंडूचे मोल येते. लाल मारायची पाळी असताना फ्री बॉल म्हणून काळा घातला तर त्याचा एकच गुण मिळतो, काळा परत ठेवला जातो, आणि त्यानंतर लाल गेल्यावर मिळतो तसा रंगीत चेंडूचा हक्क मिळतो. यापलीकडे ‘मिस’ नावाचा एक नियम आहे: खेळाडूने पुरेसा प्रयत्न न करता चेंडू चुकवला असे पंचाला वाटले, तर समोरचा सगळे चेंडू पुन्हा होते तिथे ठेवून तोच फटका परत मारायला लावू शकतो. टीव्हीवर तो वारंवार दिसतो. मित्रांमधल्या फ्रेममध्ये तो न लावलेलाच बरा, नाहीतर संध्याकाळ चेंडू मांडण्यातच जाईल.

फाउलचे गुण समोरच्याला मिळतात, यामुळे हरत आलेली फ्रेमही लगेच संपत नाही. समजा फक्त गुलाबी आणि काळा उरले आहेत, म्हणजे टेबलावर १३ गुण आहेत, आणि आपण १८ ने मागे आहोत. दोन्ही चेंडू घालूनही पाच कमीच पडतात. पण आधी गुलाबीवर समोरच्याला स्नूकर केले आणि त्याने फाउल केला, तर किमान ६ गुण मिळतात. सहा आणि तेरा मिळून एकोणीस, म्हणजे फ्रेम एका गुणाने आपली. समालोचक ‘आता त्याला एक स्नूकर हवा’ असे म्हणतात ते या बेरजेच्या जोरावर. सगळे चेंडू संपून गुण समान झाले तर काळा परत त्याच्या जागी ठेवतात, नाणेफेक होते, आणि जो काळा घालेल तो जिंकतो.

नियम इतकेच पुरेत. आता हात. टेबलाजवळ गेल्यावर नवशिक्या पहिली चूक करतो ती उभे राहण्यात: तो आधी वाकतो आणि मग नेम शोधत सरकत राहतो. नेम उभ्यानेच ठरवावा. ज्या रेषेत पांढरा पाठवायचा ती रेषा मागे उभे राहून डोळ्यांनी आखावी, उजव्या हाताने खेळणाऱ्याने उजवे पाऊल त्या रेषेवर ठेवावे, डावे किंचित पुढे आणि बाजूला, गुडघा थोडा वाकवलेला, आणि मग शरीर त्या रेषेवर खाली आणावे, इतके की क्यू हनुवटीला स्पर्श करील. डावा तळवा कापडावर टेकवून बोटे पसरावीत, अंगठा तर्जनीला चिकटवून वर उचलावा. त्या दोहोंच्या मधल्या खाचेतून क्यू सरकला पाहिजे. ही खाच पांढऱ्यापासून साधारण वीतभर किंवा थोडी जास्त अंतरावर असावी. मागच्या हाताची पकड सैल ठेवावी. मुठीत आवळलेला क्यू हमखास वाकडा जातो. कोपरापासून खालचा हात लंबकासारखा हलतो, खांदा हलत नाही. फटका मारल्यावर चेंडू कुठे जातो ते पाहण्यासाठी लगेच उठून उभे राहण्याचा मोह आवरणे सर्वांत कठीण, आणि निम्मे चेंडू त्या मोहापायीच हुकतात. चेंडू पॉकेटपर्यंत पोहोचेपर्यंत खालीच राहावे.

क्यूच्या टोकाला चामड्याची टिप असते आणि तिच्यावर चॉक लावतात. चॉकमुळे घर्षण वाढते. ते नसेल तर मध्यापासून जरा बाजूला मारलेला फटका घसरतो आणि ‘टक्’ असा ओशाळवाणा आवाज येतो. टिपवर चॉकची वडी हलकेच पुसावी, गिरमिटासारखी फिरवू नये. पांढरा हाताच्या आवाक्याबाहेर असेल तर लांब दांड्याला आडवा फाटा असलेला रेस्ट वापरतात, आणि मध्ये दुसरा चेंडू आडवा आला असेल तर उंच पायांचा स्पायडर. पुष्कळ नवखे खेळाडू रेस्टला कमीपणा मानतात आणि टेबलावर अर्धे आडवे होऊन डाव्या हाताने प्रयत्न करतात. रेस्ट शिकावाच लागतो; पहिल्या दिवसापासून शिकावा.

नेमाची मूळ कल्पना अशी: मारायच्या चेंडूच्या ज्या बिंदूवर आघात झाला तर तो थेट पॉकेटमध्ये जाईल, तो बिंदू पॉकेटच्या बरोबर विरुद्ध बाजूला असतो. आघाताच्या क्षणी पांढरा त्या बिंदूला टेकून कसा बसलेला असेल, ते मनाने पाहायचे आणि त्या काल्पनिक पांढऱ्याच्या मध्यावर नेम धरायचा. सरावासाठी एक खूण पक्की करून ठेवावी: पांढऱ्याच्या मध्याचा नेम समोरच्या चेंडूच्या बरोबर कडेवर धरला, तर पांढरा त्याला अर्धा झाकतो आणि तो चेंडू आपल्या रेषेपासून सुमारे ३० अंशांनी निघतो. याला हाफ-बॉल म्हणतात. हा एक कोन डोळ्यांत बसला की त्यापेक्षा जाड आणि त्यापेक्षा पातळ फटके त्याच्या तुलनेत ओळखता येतात.

आता ज्या भागासाठी टाळ्या पडतात त्याकडे वळू. पांढऱ्याला मध्यावर, मध्याच्या वर किंवा खाली मारल्याने तो आघातानंतर काय करतो ते ठरते. सरळ रेषेतल्या फटक्यात, आघाताच्या क्षणी पांढरा गिरक्या न घेता नुसता सरकत असेल, तर त्याचा सगळा वेग समोरच्या चेंडूला जातो आणि पांढरा जागच्या जागी थबकतो, हा स्टन. तो पुढे लोळत असेल तर आघातानंतर मागोमाग जातो, हा फॉलो. खाली मारल्याने तो उलटा फिरत असेल तर मागे येतो, हा स्क्रू. इथे एक मेख आहे, ती कळली नाही तर स्टन कधीच जमत नाही. कापडाचे घर्षण उलटी गिरकी वाटेतच खात असते. एक फुटावरच्या चेंडूवर मध्यावर मारलेला पांढरा सरकतच पोहोचतो आणि थबकतो. तोच फटका पाच फुटांवर मारला तर घर्षणाने तो वाटेतच लोळू लागतो आणि पुढे धावतो. म्हणून लांबच्या स्टनसाठी बरेच खाली मारावे लागते, जेणेकरून उलटी गिरकी नेमकी आघाताच्या क्षणी संपलेली असेल. एकच लाल ठेवून, पांढरा दर वेळी अर्धा फूट मागे नेत, पांढरा थांबवण्याचा सराव करावा. कंटाळवाणा आहे, पण क्यूवरचा ताबा इतक्या लवकर दुसऱ्या कशाने येत नाही. डावी-उजवी गिरकी, म्हणजे साइड, मात्र पहिले काही महिने बाजूला ठेवावी. साइड दिली की पांढरा सरळ रेषेपासून किंचित ढळतो आणि मग चेंडू का हुकला, नेम चुकला म्हणून की साइडमुळे, तेच कळत नाही.

आणि इथे नवशिक्याच्या मनातला एक समज मोडावा लागतो. त्याला वाटते, पांढरा, रंगीत आणि पॉकेट एका सरळ रेषेत आले म्हणजे उत्तम. काळा घालायला ते सोपे खरे, पण सरळ फटक्यात पांढरा त्याच रेषेवर पुढे जाऊ शकतो, थांबू शकतो किंवा मागे येऊ शकतो; बाजूला जाऊच शकत नाही. लाल चेंडू मात्र बाजूला, गुलाबीभोवती विखुरलेले असतात. अनुभवी खेळाडू काळ्यावर मुद्दाम थोडा कोन ठेवतो. कोन असला की हलक्या स्टननेही पांढरा काळ्याच्या वाटेशी जवळजवळ काटकोन करून निघतो, वरच्या कुशनला लागतो आणि लालांच्या दिशेने परत येतो. त्या वेळी कोन कोणत्या बाजूला आहे हेही महत्त्वाचे: पांढरा काळ्याच्या अंगाने वरच्या कुशनच्या बाजूला राहिला, तर त्याला लालांकडे आणण्यासाठी जोर लावावा लागतो किंवा दोन कुशने फिरवावी लागतात. म्हणूनच लाल घालताना खेळाडू खरा विचार करत असतो तो काळ्याचा, आणि काळा घालताना पुढच्या लालाचा. सुरुवातीला एवढेच करावे: प्रत्येक फटक्याआधी मनाशी ठरवावे, पांढरा कुठे थांबायला हवा. तो दहापैकी आठ वेळा तिथे थांबणार नाही. तरी ठरवावे, कारण न ठरवता मारलेल्या फटक्यातून पांढरा कुठे जातो याचा अंदाज कधीच तयार होत नाही. रंगीत निवडतानाही मोठ्या गुणांचा हव्यास नको. नवशिक्यासाठी निळा फार उपकारक आहे: तो मध्यावर असतो, दोन्ही मधली पॉकेटे त्याच्या दोन बाजूंना असतात, आणि तिथून पांढरा वर लालांकडे पाठवणे सोपे जाते.

काहीच घालता येत नसेल तेव्हा काय करावे? नवखे खेळाडू अशा वेळी जोरात मारून लालांचा ढीग फोडतात आणि समोरच्याला मेजवानी वाढतात. त्याऐवजी एखाद्या लालाला पातळ चाटून पांढरा परत बॉककडच्या कुशनला नेऊन ठेवावा. लाल एका टोकाला, पांढरा दुसऱ्या टोकाला. मधले दहा-अकरा फूट हेच संरक्षण. पांढरा कुशनला अगदी चिकटून थांबला तर आणखी उत्तम, कारण मग समोरच्याला त्याच्या वरच्या भागावरच क्यू टेकवता येतो आणि नेमही डळमळतो, स्क्रूही दूरच राहतो. फ्रेमचा पहिला फटकाही याच धर्तीवर खेळतात: पांढरा तपकिरी आणि पिवळ्याच्या मध्ये ठेवून, लालांच्या त्रिकोणाच्या उजव्या टोकाच्या चेंडूला पातळ मारायचे आणि पांढरा वरच्या व बाजूच्या कुशनवरून परत खाली आणायचा. निष्णात खेळाडू त्यात उजवी साइड देतात. नवशिक्याने साइडशिवाय, मध्यम जोराने मारून पांढरा अर्ध्या टेबलाच्या खाली आला तरी समाधान मानावे.

शिकायला जागा शोधणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. एके काळी मोठे टेबल जिमखान्यांत, सभासदांसाठी, आणि गुण मोजणारा, चेंडू मांडणारा मार्कर हाच बहुतेकांचा पहिला गुरू. आता मुंबई-पुण्यापासून तालुक्याच्या गावांपर्यंत तासाच्या भाड्याने टेबल मिळते आणि हरणाऱ्याने भाडे द्यायचे ही प्रथा बऱ्याच ठिकाणी पक्की आहे. नवशिक्याने ती आधीच विचारून घ्यावी आणि भाडे अर्धे-अर्धे ठरवावे. पार्लरचे क्यू बहुधा वाकलेले असतात. क्यू टेबलावर आडवा ठेवून लोळवून पाहावा. टिप उड्या मारू लागली तर दुसरा घ्यावा. समोरचा नेम धरत असताना त्याच्या नजरेच्या रेषेत उभे राहू नये, आणि टेबलावर चहाचा कप ठेवू नये. महाराष्ट्राला या टेबलाचा वारसाही आहे: पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कोलकात्यात बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते झाले. पंकज अडवाणीचा जन्मही पुण्याचा, जरी तो वाढला आणि शिकला बंगळुरूत. २००३ मध्ये, अठराव्या वर्षी, त्याने स्नूकरचे जागतिक हौशी अजिंक्यपद जिंकले. मुंबईचा आदित्य मेहता २०१३ च्या इंडियन ओपनमध्ये, व्यावसायिकांच्या मानांकन स्पर्धेत, अंतिम फेरीपर्यंत पोहोचला होता.

पहिल्या फ्रेमला पंधरा लाल मांडू नयेत. दोन नवशिके पूर्ण फ्रेम खेळू लागले तर तास उलटून जातो, लाल कुशनांना चिकटतात आणि रंगीत चेंडू क्रमाने घालण्याचा सराव होईपर्यंत टेबलाची वेळ संपते. सहा लाल मांडावेत, तीन-दोन-एक अशा लहान त्रिकोणात; बाकी सगळे नियम तेच. सहा लालांच्या या प्रकाराच्या स्वतंत्र स्पर्धाही होतात आणि त्यात सर्वाधिक ब्रेक ७५ चा होऊ शकतो. तेही जड वाटले तर लाल काढूनच टाकावेत, सहा रंगीत चेंडू आपापल्या जागी ठेवावेत, पांढरा हातात घेऊन डीमध्ये हवा तिथे ठेवावा आणि पिवळ्यापासून काळ्यापर्यंत २७ गुण एका पाळीत मिळतात का ते पाहावे. पिवळा, हिरवा आणि तपकिरी एकाच रेघेवर असल्याने पांढरा थोड्याच अंतरात फिरवावा लागतो. तपकिरीनंतर निळ्यावर आणि निळ्यानंतर गुलाबीवर येताना मात्र पांढऱ्याला टेबलाच्या वरच्या भागात न्यावे लागते, आणि बहुतेकांचा डाव तिथेच मोडतो.